लांब पल्ल्याचे पहिले वर्ष

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर डॉक्टर बोलले, वकील बोलले, स्पर्धा परीक्षा पास झालेली आपली मुले-मुली बोलली. ट्रक चालवणाऱ्यांनाही बोलवावे असे यंदा कार्यकारिणीला वाटले, याचा आम्हांला आनंद आहे. आपली मुले डॉक्टर-इंजिनिअर व्हावीत असे आपण म्हणतो आणि ती व्हावीतच. परंतु दहावी-बारावीशी ज्यांची गाडी अडते त्यांच्यापैकी कितीतरी मुले शेवटी स्टिअरिंगवर येऊन बसतात, आणि त्यांना या धंद्याची पहिली पायरी दाखवायला कोणी नसते. म्हणून आज बोलायचे ते नव्या चालकाच्या पहिल्या वर्षाबद्दल. बोलणारा एक दिसत असला तरी हे बोलणे आम्हां वस्तीतल्या चार-सहा जुन्या चालकांचे मिळून आहे.

प्रथम परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगतो. आपणांपैकी अनेकांना तो ठाऊक असेल. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीच्या कामासाठी बाबासाहेब खानदेशात गेले होते. परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातले लोक त्यांना न्यायला स्टेशनवर आले. पण टांगेवाल्यांपैकी एकही त्यांना न्यायला तयार होईना. अस्पृश्याचा टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. अखेर टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र मिळाला नाही. आपला साहेब पायी चालत जाणार, हे लोकांच्या मनाला पटेना. म्हणून त्यांच्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. वाटेत नदीवरच्या मोरीशी टांगा आदळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, आणि टांगा घोड्यासकट नदीत गेला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, ही गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानात आली नाही, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

या प्रसंगावर आपण बोलतो तेव्हा नकार देणाऱ्या टांगेवाल्यांबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. आम्हां चालकांचे लक्ष मात्र लगाम धरणाऱ्या त्या माणसाकडे जाते. तो वाईट नव्हता. प्रेमापोटी, समाजाची लाज राखण्यासाठी तो पुढे झाला. त्याला फक्त हाकता येत नव्हते. आज आपल्या वस्तीतली मुले घरची ओढाताण पाहून, बहिणीच्या लग्नाचे कर्ज पाहून याच तऱ्हेने पुढे होतात आणि लायसन्स हाती पडल्यावर महिनाभरात दिल्लीची ट्रिप घेतात. त्यांची धडाडी आम्ही जाणतो. भीती वाटते ती मोरीची.

पूर्वी या धंद्यात शिकण्याची एक रीत होती. मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर चढे. काच पुसणे, ताडपत्री आवळणे, चढावर गाडी थांबली की चाकामागे लाकडी ठोकळा सारणे, गाडी मागे घेताना ओरडून सांगणे, उस्तादाची भांडी घासणे, असे तीन-चार वर्षे केल्यावर एखाद्या पहाटे मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणे, ये, बस इकडे. ही रीत चांगली होती असे आम्ही म्हणणार नाही. शिव्या होत्या, मार होता, पगाराचा पत्ता नव्हता, आणि शाळा तर सुटलेलीच असे. पण तेवढ्या वर्षांत मुलगा डोळ्यांनी पाहत असे. कुठल्या घाटात कुठला गिअर, कुठल्या धाब्यावर गाडी सुरक्षित राहते, ब्रेकच्या लायनरचा वास कसा येतो, उस्ताद कधी गप्प होतो आणि का होतो, हे सारे त्याच्या अंगात मुरत असे.

आता क्लीनर परवडत नाही म्हणून पुष्कळ मालक ठेवतच नाहीत. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक असावेत, असा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम होता. कागदावर दोन आणि गाडीत एक असे बहुधा चाले, हे खरे. तरी मागायला आधार होता. २०१८ मध्ये ती अटही निघाली. म्हणजे नवा मुलगा केबिनमध्ये एकटा. शेजारची सीट रिकामी, आणि त्या सीटवर बसून जे शिकायचे ते शिकवणारा कोणी नाही. आमच्या मते आजच्या नव्या चालकाची मुख्य अडचण हीच आहे. ती रिकामी सीट समाजाने मुद्दाम, ठरवून भरली पाहिजे.

कायद्याने पायऱ्या घालून दिलेल्या आहेत. अठराव्या वर्षी हलक्या वाहनाचे लायसन्स मिळते. मालवाहू किंवा प्रवासी वाहन रस्त्यावर चालवायला वयाची २० वर्षे पूर्ण लागतात. हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष हाती असल्याशिवाय जड वाहनाचे शिकाऊ लायसन्स मिळत नाही. ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. म्हणून आमचे सांगणे असे की, पहिले वर्ष-दीड वर्ष छोट्या टेम्पोवर काढा. भाजी मंडई, वीट-वाळू, किराणा, जे मिळेल ते. मागे माल असताना ब्रेक किती लांब लागतो, हे टेम्पो शिकवतो आणि बऱ्यापैकी स्वस्तात शिकवतो. त्यानंतर दहाचाकी, तीही जुन्या चालकाबरोबर दुसरा म्हणून.

आठवी पासची अट २०१९ मध्ये रद्द झाली. विद्यार्थी मित्रांनी याचा भलता अर्थ काढू नये. बिल्टी वाचता आली पाहिजे, विम्याची तारीख वाचता आली पाहिजे, मालक ज्या कागदावर सही मागतो त्यावर काय लिहिले आहे ते कळले पाहिजे. कोऱ्या कागदावर सही केलेला चालक आम्ही पाहिला आहे. पुढे मालाचे नग कमी भरले आणि सहा महिने त्याच्या पगारातून पैसे कापले गेले. भरणीच्या वेळी नग स्वतः मोजा. सीलबंद कंटेनर असेल तर सीलचा क्रमांक बिल्टीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा आणि मगच निघा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे तास. येथे थोडे गणित करू. शाळेतल्या मुलांनी मनातल्या मनात करावे. मुंबई ते दिल्ली साधारण १,४०० किलोमीटर. घाट, टोलनाके, शहराबाहेरची गर्दी धरून भरलेल्या गाडीला ताशी ४० ची सरासरी पडली तर ३५ तास निव्वळ स्टिअरिंगवर जातात. रोज ८ तास चालवले तर साडेचार दिवस. मालक सांगतो तीन दिवस, म्हणजे रोज जवळजवळ १२ तास. आणि रावेर-सावद्याची केळी किंवा नाशिकची द्राक्षे असा नासका माल असला की अंतर थोडे कमी-अधिक, पण घाई दुप्पट. दोन दिवसांचा हिशेब धरला तर रोज साडेसतरा तास! माणूस जेवणार केव्हा आणि निजणार केव्हा?

यावर मालक म्हणतो, ई-वे बिलाची मुदत संपेल. हे ऐकून नवा मुलगा घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालाच्या ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. १,४०० किलोमीटरला झाले सात दिवस. म्हणजे सरकारचा कागद सात दिवस देतो आणि ८ तास चालवणारा माणूस साडेचार दिवसांत पोहोचतो. मग ही घाई येते कुठून? ती भाड्याच्या व्यवहारातून येते, गाडीच्या हप्त्यातून येते. तिला कायद्याचे नाव देऊन चालकाच्या डोक्यावर ठेवतात. पहिल्याच दिवशी हे गणित मालकासमोर नम्रपणे मांडावे. सगळे मालक ऐकतील असे नाही. काही ऐकतात, आमच्या अनुभवात ज्याच्या दोन गाड्या उलटल्या आहेत तो लवकर ऐकतो.

८ तासांची गोष्ट आपल्याला परकी नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. गिरणीच्या भोंग्याने ते तास पाळले गेले. मोटार कामगारांसाठी १९६१ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यातही दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असे लिहिलेले होते. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाच्या केबिनपर्यंत तो पोहोचलाच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, आणि तो कायदा त्यांत सामावला गेला. ८ तासांचे तत्त्व तेथेही आहे. पण महामार्गावर भोंगा वाजत नाही, बंधूंनो. तिथे तास मोजणारा चालक स्वतःच.

झोपेबद्दल आम्ही जरा आग्रहाने बोलणार आहोत. आपण पंचशील ग्रहण करतो. पाचव्या शीलाचा अर्थ दारू न पिणे एवढाच बहुतेक जण घेतात. वास्तविक त्या शीलात मद्याबरोबर प्रमादाचा, म्हणजे बेसावधपणाचा उल्लेख आहे. दारू निषिद्ध आहे ती माणसाला बेसावध करते म्हणून. आता विज्ञान काय सांगते पाहा. सलग १७ तास जागा असलेला माणूस जितका मंद होतो, तितकाच १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेला माणूस मंद होतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबाला न शिवलेला, पण दोन रात्री जागलेला आपला उपासक पोलिसाच्या यंत्रात स्वच्छ निघेल आणि प्रत्यक्षात दारुड्यापेक्षा धोकादायक असेल. त्याने शील पाळले असे म्हणायचे का, याचा विचार भन्तेजींनी आणि आपण सर्वांनी करावा.

म्हणून पहाटे दोन ते पाच गाडी उभी. या वेळी शरीर आपोआप मिटू लागते. चहा, गुटखा, मोठ्याने लावलेली गाणी, खिडकीतला वारा, कशाचा उपयोग नाही. मागचा टोलनाका कधी गेला ते आठवत नसेल, तर डोळे उघडे असूनही तुम्ही झोपला होता असे समजा. उत्तरेकडच्या रस्त्यांवर जागरणासाठी डोडा, भुक्की, गोळ्या मिळतात. ते खाऊन माणूस जागा राहत नाही, फक्त आपण जागे आहोत असे त्याला वाटते. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली तुरुंग आहे, तो वेगळा. गाडी उभी करायची ती धाब्याच्या किंवा पंपाच्या आवारात. रस्त्याच्या कडेला अंधारात उभा केलेला ट्रक हा मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा काळ असतो. गाडी बिघडून रस्त्यातच थांबावे लागले, तर चमकणारा त्रिकोण मागे लांब ठेवा. दगड मांडलेच तर निघताना ते उचला. मागे राहिलेल्या त्या दगडांनी कितीजणांचे डोके फुटले असेल, याची मोजदाद नाही.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. मुंबईकडून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर सलग. रस्ता उत्तम आहे; त्याचा धोका हाच की तो फार सरळ आहे. वळण नाही, गाव नाही, डोळा कुठे अडत नाही. अशा रस्त्यावर दर दोन तासांनी उतरून गाडीभोवती एक फेरी मारावी. टायरला हात लावून पाहावा, दोरखंड ओढून पाहावा. टायरमधली हवा मात्र सकाळी, टायर थंड असताना तपासायची.

घाटाविषयी. कसारा, खंबाटकी, बोरघाट, मध्य प्रदेशच्या सीमेवरचा बिजासन, हे आमचे खरे शिक्षक. उस्ताद मंडळींचा नियम असा की, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. त्यामागचे कारण समजून घ्या. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते, ब्रेकवर भार कमी पडतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल केली की सगळे वजन ब्रेकवर येते. लायनर तापतात, जळका वास येतो, पेडल दाबले तरी पकड बसत नाही. इंजिनच बंद केले तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद. टाकीतली हवा दोन-चार ब्रेकमध्ये संपत येते, मग हाती काही उरत नाही. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना ठोकरून रस्त्याकाठच्या हॉटेलात शिरला आणि जेवायला बसलेली माणसे गेली. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये असेच मोठे अपघात झाले. भरलेली दहाचाकी लिटरला साडेतीन-चार किलोमीटर जाते. एका घाटात न्यूट्रल करून किती वाचणार? फार तर एक-दोन लिटर.

वजनाचेही तसेच. तीन आसांच्या ट्रकची मर्यादा २०१८ मध्ये गाडीसकट २५ वरून २८.५ टन झाली. त्यावर भरले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. दंड मालक भरतो असे तोंडी सांगितले जाते. घाटात ते जादा टन कोणाच्या पाठीमागे असतात, हे सांगायला नको.

खर्चीची वही ठेवा. डिझेल, वाराई, पंक्चर, जेवण, तारीखवार. टोल फास्टॅगने जातो म्हणून त्याची भांडणे कमी झाली. वाराईची राहिलीच आहेत. ती कोणी द्यायची हे भाडे ठरतानाच विचारून घ्यावे. एका कारखान्याच्या दारात आमच्या गाड्या दोन दिवस उतरणीविना उभ्या होत्या, आणि चालकांना आत संडास वापरू देत नव्हते. अशा वेळी आत गेल्याची वेळ गेटवरच्या कागदावर लिहून घ्यावी. पुढे खोटीचे पैसे मागायला तोच पुरावा होतो.

सम्यक आजीविकेचा प्रश्न मुले विचारतात. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे धम्मात सांगितले आहे. मग बिअरची पेटी वाहावी काय? वाहणारा आणि विकणारा एक नव्हे, असे काहीजण म्हणतात. आमच्यातच यावर दोन मते आहेत. एकमत आहे ते एवढ्यावर की नोकरी धरण्याआधी ही गाडी कुठला माल वाहते ते विचारावे, आणि कागद व माल पाहिल्यावाचून गाडी हलवू नये. गोणीत दुसरेच काही निघाले तर मालक सापडायच्या आधी चालक आत जातो.

केबिनवर आम्ही निळा झेंडा लावतो, बाबासाहेबांचे आणि तथागतांचे चित्र लावतो. ते पाहून एखाद्या धाब्यावर आजही कोणाच्या कपाळाला आठ्या पडतात, तर दुसऱ्या धाब्यावर कोणी अनोळखी माणूस उठून जयभीम करतो. चित्र जरूर लावा. फक्त समोरच्या काचेच्या मधोमध नको, रस्ता दिसला पाहिजे. लिंबू-मिरची आपल्याकडे नसावी. तरी ती लटकलेली दिसतेच, आणि त्याच गाडीची मागची ब्रेकलाइट लागत नसते.

अपघात झाला तर काय? जखमीला दवाखान्यात पोहोचवणे आणि पोलिसांना कळवणे हे मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाने चालकाचे कर्तव्य आहे. जमाव अंगावर आला तर जीव वाचवण्याची सवलतही त्याच कलमात आहे. अशा वेळी जवळच्या पोलीस ठाण्यात थेट हजर व्हावे. पळून जाऊन कळवायचेच नाही, यासाठी भारतीय न्याय संहितेत १० वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम घातले गेले. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. पण निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहेच. ११२, १०८ आणि महामार्गाचा १०३३, हे तीन क्रमांक केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मोबाइल बंद पडतो, भिंतीवरचे अक्षर बंद पडत नाही.

स्वतःची गाडी घेण्याची घाई नको. महामंडळाचे कर्ज मिळेल, बँक देईल, वडील घर गहाण टाकतील. पण हप्त्याची तारीख ज्याच्या मानगुटीवर बसली तो पहाटे तीनला गाडी उभी करत नाही. आधी दोन वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर काढा, परतीचे भाडे कसे मिळते ते शिका, मग विचार करा. पालकांनी येथे मुलाला अडवावे. आईने अडवले तर तो ऐकतो.

रिकाम्या सीटबद्दल आधी बोललो. कार्यकारिणीच्या परवानगीने आम्ही एक वही केली आहे. डाव्या पानावर वस्तीतील जुन्या चालकांची नावे, त्यांचे नेहमीचे मार्ग आणि गाडी कधी निघते ते. उजव्या पानावर नव्या मुलांनी नाव, वय, लायसन्सचा प्रकार आणि रक्तगट लिहायचा. पहिले सहा महिने नव्या मुलाने जुन्याच्या शेजारी बसून जायचे, सोलापूर, नागपूर, कोल्हापूर असे राज्यातल्या राज्यात. मालकाशी बोलण्याचे काम आमचे. या काळात मुलाला पूर्ण पगार मिळणार नाही, भत्ता तेवढा मिळेल. ती तूट भरून काढण्यासाठी कल्याण निधीतून काही करता येईल काय, ते अध्यक्षांनी सर्वसाधारण सभेपुढे ठेवावे, अशी आमची विनंती आहे. वही कार्यालयात टेबलाच्या खणात असते. रविवारी सकाळी वंदनेनंतर आमच्यापैकी कोणीतरी तेथे बसतो. येताना लायसन्सची झेरॉक्स आणि डोळे तपासल्याचा कागद आणावा.

जयभीम.